चुलीच्या देवतेचा दगड

२०२५ साली ३० एप्रिल, २ मे आणि ४ मे अशा एकाआड एक तीन रात्री गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या घराच्या अंगणात बसून मी आकाशाच्या एकाच तुकड्याचे चित्र वहीत काढले. चित्र म्हणजे पेन्सिलीचे पंधरा-वीस ठिपके. ठळक ताऱ्याला मोठा ठिपका, मंद ताऱ्याला बारीक, आणि ठिपक्यांमधील अंतरे दहा बाय पन्नासच्या साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून दिसतील तशी. पहिल्या रात्री तूळ राशीच्या उत्तर हद्दीत, कन्या राशीला अगदी खेटून असलेल्या भागात, मी एका ठिपक्याभोवती मोठ्या विश्वासाने वर्तुळ काढले आणि बाजूला ‘वेस्टा’ असे मी शोधत असलेल्या लघुग्रहाचे नाव लिहिले. दुसऱ्या रात्री वही उघडून पाहतो तर तो ठिपका जागच्या जागी होता, म्हणजे तो नुसता तारा होता. हलला होता तो वेगळाच, पानाच्या कडेला केवळ पूर्णतेसाठी नोंदवलेला एक ठिपका, आणि तोही चांगला चंद्रबिंबाच्या रुंदीएवढा पश्चिमेकडे सरकलेला. तिसऱ्या रात्री अर्धा चंद्र मावळायची वाट पाहून, डोळ्यांवर झोप असताना, पुन्हा तपासले. तो आणखी तेवढाच पुढे गेला होता. आधीचे वर्तुळ खोडले, खऱ्या ठिपक्याभोवती दुसरे काढले आणि सतरा कोटी किलोमीटर अंतरावरचे एक जग आपण सरकताना पाहिले, याची तारीख-वेळेसह नोंद केली.

या तीन रात्रींमध्ये सर्वांत जास्त त्रास दिला तो आकाशाने नव्हे, तर गल्लीच्या तोंडाशी नव्याने लागलेल्या पांढऱ्याशुभ्र पथदिव्याने. त्याला निदान वरून झाकण लावावे, अशी विनंती मी संबंधितांकडे केली होती. तेव्हा ‘दिवा लावा’ म्हणणारे रोज येतात, ‘दिवा झाका’ म्हणणारे तुम्ही पहिलेच, असे हसत हसत ऐकवले गेले. शेवटी दोन माडांमध्ये दोरी बांधून तिच्यावर गोणपाट टाकले आणि त्याच्या सावलीत खुर्ची मांडली. काजूच्या हंगामाचे ते शेवटचे दिवस होते, त्यामुळे बोंडूंचा आंबूस वास आणि दमट हवा यांच्या साथीनेच निरीक्षण झाले. दर दहा मिनिटांनी दुर्बिणीची काच पुसावी लागे.

वेस्टा हा मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रह पट्ट्यातील सेरेसखालोखाल सर्वांत जड गोल आहे. व्यास सरासरी ५२५ किलोमीटर. सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे ३.६३ वर्षांत, आणि स्वतःभोवतीची अवघ्या पाच तास वीस मिनिटांत. संपूर्ण पट्ट्यातील सामग्रीपैकी सुमारे नऊ टक्के वस्तुमान या एकट्या गोलात आहे. सेरेस तिच्याहून कितीतरी मोठी असूनही आकाशात अधिक तेजस्वी दिसते ती वेस्टाच, कारण तिचा पृष्ठभाग अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चाळीस टक्के प्रकाश परत पाठवतो. सेरेस कोळशासारखी काळवंडलेली आहे. त्यामुळे साध्या डोळ्यांनी दिसू शकणारा पट्ट्यातील लघुग्रह म्हणायचा तर तो हाच, अर्थात खऱ्या अर्थाने काळ्या आकाशात आणि प्रतियुतीच्या, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि तिच्या मधोमध येते त्या दिवसाच्या, आसपासच. २ मे २०२५ च्या प्रतियुतीत तिची प्रत (तेजाचा आकडा; तो जितका लहान तितके तेज जास्त, आणि साध्या डोळ्यांची मर्यादा साधारण सहा) सहाच्या किंचित अलीकडे होती. त्या रात्री साडेबाराच्या सुमारास ती आमच्याकडे जवळपास डोक्यावर, थोडीशी दक्षिणेला कललेली होती. तरीही दुर्बिणीशिवाय मला ती दिसली असे मी म्हणणार नाही. पुतणीला दिसली, असे तिचे म्हणणे आहे. तिचे डोळे सोळा वर्षांचे आहेत, म्हणून मी वाद घातला नाही.

याहून कितीतरी चांगली संधी २०१८ साली आली होती. त्या वर्षी १९ जूनच्या प्रतियुतीत वेस्टा ५.३ प्रतीपर्यंत उजळली होती. पण गोव्यातला जून! मृग नक्षत्र लागल्यावर इथल्या माणसाने आकाशातील ताऱ्यांची आशा धरू नये. मी त्या महिन्यात एकही तारा पाहिल्याचे आठवत नाही. साधारण साडेसोळा महिन्यांनी प्रतियुती येते, म्हणजे ती ऋतू बदलत फिरते, आणि त्यातील जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या सगळ्या कोकणपट्टीच्या नावावर वाया गेलेल्या म्हणूनच मांडाव्या लागतात.

आता नावाविषयी. वेस्टाला मी स्त्रीलिंगी लिहितो, कारण ते रोमन लोकांच्या चुलीच्या देवतेचे नाव आहे. तिच्या रोममधील मंदिरात मूर्ती नसे. फक्त अखंड तेवणारा अग्नी असे आणि तो विझू न देण्याचे काम वेस्टल कुमारिकांकडे असे. लघुग्रहाला हे नाव गणितज्ञ कार्ल फ्रेडरिक गाउस यांनी दिले आणि पुढे या दगडाचा जो इतिहास उलगडला तो पाहता हे नाव नकळत अचूक ठरले, हे मी पुढे सांगणारच आहे. शोध मात्र जर्मनीतील ब्रेमेन शहरात राहणाऱ्या हाइनरिख व्हिल्हेल्म ओल्बर्स यांचा, तारीख २९ मार्च १८०७. ओल्बर्स व्यवसायाने डॉक्टर होते. दिवसा रुग्ण आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावर दुर्बीण, असा त्यांचा दिनक्रम. १८०१ च्या पहिल्याच दिवशी जुझेप्पे पियाझी यांना सिसिलीत सेरेस सापडली होती आणि १८०२ मध्ये खुद्द ओल्बर्स यांना पॅलास. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये अपेक्षित असलेल्या एका ग्रहाच्या जागी दोन लहान गोल निघाल्यावर ओल्बर्स यांनी तर्क केला, की इथे पूर्वी एक मोठा ग्रह असावा, तो फुटला असावा आणि हे त्याचे तुकडे असावेत. तसे असेल तर सर्व तुकडे फुटीच्या मूळ जागेवरून पुन्हा पुन्हा जात राहतील, म्हणजे आकाशाच्या ठरावीक भागांवर पहारा ठेवला तर आणखी तुकडे हाती लागतील. त्या भागांपैकी एक कन्या राशीत होता. तिथे पहारा ठेवला आणि वेस्टा सापडली.

तर्क मात्र चुकीचा होता. पट्ट्यातील सगळे दगडधोंडे एकत्र केले तरी आपल्या चंद्राच्या पाच टक्केही भरत नाहीत. एवढ्याशा सामानातून मोठा ग्रह उभा राहत नाही. तरीही चुकीच्या पत्त्यावर जाऊन बरोबर माणूस भेटावा, तसे ओल्बर्स यांचे झाले. त्यानंतर ३८ वर्षे पट्ट्यात नवे काहीच सापडले नाही, त्यामुळे त्या काळातील पाठ्यपुस्तकांत सेरेस, पॅलास, जुनो आणि वेस्टा हे चक्क ग्रह म्हणून छापले जात आणि सूर्यमालेत अकरा ग्रह आहेत असे मुले पाठ करीत. १८४५ नंतर नवे लघुग्रह सापडण्याचा सपाटा सुरू झाला आणि हे चार ग्रह हळूहळू खालच्या पंगतीत बसवले गेले. २००६ मध्ये प्लूटोवरून जगभर गहिवर दाटला, तेव्हा या जुन्या पदावनतीची आठवण मात्र फार थोड्यांना होती.

मी नोकरीत असताना भूगोल शिकवत असे, त्यामुळे माझे खरे आकर्षण आकाशातील ठिपक्यापेक्षा त्याच्या दगडात आहे. आमच्या परसात आजीचा रगडा पडून आहे. काळ्या दगडाचा, घाटावरून बैलगाडीने आणलेला, नारळाचे वाटण वाटून वाटून आतून काचेसारखा गुळगुळीत झालेला. त्याच्या बाहेरच्या, न घासलेल्या बाजूवर पाणी टाकले की इतके बारीक कण दिसतात, की एक कण दुसऱ्यापासून वेगळा करता येत नाही. हा बेसाल्ट, लाव्हा जमिनीवर येऊन लवकर थंड झाला की कणांना वाढायला वेळ मिळत नाही, त्याची ही खूण. त्याच परसातील कुंपण चिऱ्याचे आहे (घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, आम्ही चिरा म्हणतो तो तुमचा जांभा). चिरा लाल, भोकाभोकांचा आणि हाताने कोर निघेल असा. खडकावर लक्षावधी वर्षे कोसळणारा पाऊस आणि त्यामागून येणारे ऊन यांनी त्यातील सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे ठेवले की जे उरते ते हे. गोव्याच्या ईशान्य टोकाला सह्याद्रीचा बेसाल्ट डोकावतो आणि त्याच्याखालच्या सगळ्या पठारांवर चिऱ्याची टोपी आहे. म्हणजे आमच्याकडे कोणताही खडक फार काळ स्वतःचे मूळ रूप टिकवू शकत नाही.

वेस्टाचा पृष्ठभाग याच जातीच्या दगडाचा, बेसाल्टचा आहे आणि तिथे पाऊस नाही. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; वेस्टाचा साडेचारशे कोटी वर्षांहूनही जुना. तो आदळआपटीने फुटला, चुरडला गेला, ढवळला गेला, पण त्याचा चिरा झाला नाही. चंद्राच्या मातीला सौरवाऱ्याच्या माऱ्याने जो काळपटपणा येतो तोसुद्धा वेस्टाला फारसा आलेला नाही, हे तिला जवळून पाहिल्यावर लक्षात आले.

हे सारे कळले कसे, तर तिचे तुकडे आपल्याकडे येऊन पडले म्हणून. पृथ्वीवर पडताना पाहिलेल्या अशनींपैकी दर शंभरात पाच-सहा अशनी युक्राइट, डायोजेनाइट आणि हॉवर्डाइट या तीन परस्परसंबंधित गटांतील असतात. युक्राइट म्हणजे वरच्या कवचातील बेसाल्ट, आजीच्या रगड्याचा लांबचा भाऊ. डायोजेनाइट त्याच कवचाच्या खोल भागातील, सावकाश थंड झालेला आणि म्हणून ठसठशीत स्फटिकांचा. हॉवर्डाइट म्हणजे आघातांनी या दोघांचा चुरा होऊन पुन्हा घट्ट बसलेली भेसळ. १९७० साली टॉमस मकॉर्ड, जॉन ॲडम्स आणि टॉरेन्स जॉन्सन यांनी वेस्टावरून परावर्तित होऊन येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट तपासला आणि त्यात पायरॉक्सीन या खनिजाची जी सही दिसली, ती प्रयोगशाळेतील युक्राइटच्या सहीशी जुळली. आक्षेप असा होता, की इतक्या दूरचा दगड इथपर्यंत येणार कसा? १९९३ मध्ये रिचर्ड बिन्झेल आणि शुई शू यांना वेस्टापासून निघून दूरवर पसरत गेलेली, त्याच वर्णपटाच्या छोट्या लघुग्रहांची माळ सापडली आणि तो आक्षेप बराचसा मिटला.

त्या माळेतील तुकडे पुढे सरकत सरकत सूर्यापासून अडीच खगोलीय एकक (म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या अडीचपट) अंतरावरच्या एका निसरड्या जागी पोहोचतात. तिथे फिरणाऱ्या वस्तूच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा गुरूची बरोबर एक होते. झोपाळ्याला दर वेळी त्याच क्षणी हलकासा धक्का देत राहावे आणि त्याचा झोका वाढतच जावा, तसे गुरूच्या ओढीने त्या तुकड्यांच्या कक्षा लांबट होत जातात आणि शेवटी काहींच्या वाटा पृथ्वीची वाट छेदतात.

असा एक तुकडा १८४३ साली खानदेशातील माणेगाव येथे पडला. तो डायोजेनाइट आहे, म्हणजे वेस्टाच्या खोल भागातील. चहूकडे काळा बेसाल्ट पसरलेल्या मुलखात, दुसऱ्या एका बेसाल्टच्या जगाच्या पोटातील दगड आकाशातून यावा, याची मला गंमत वाटते. बंगालमधील शालका येथे १८५० साली पडलेला अशनीही डायोजेनाइटच. राजस्थानात तर दोन वर्षांच्या आत दोन आले. १९९४ मध्ये लोहावट येथे हॉवर्डाइट आणि २० जून १९९६ रोजी पाली जिल्ह्यातील पिपलिया कलाँ येथे युक्राइट. या शेवटच्या दगडापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण माझ्या मते वेस्टाच्या कथेतील सर्वांत महत्त्वाचा धागा त्यात आहे आणि तो भारतात उलगडला.

प्रश्न असा होता, की सव्वापाचशे किलोमीटरचा एवढासा गोल वितळला कशाने? पृथ्वीसारखा मोठा ग्रह त्याच्या घडणीतील टकरींच्या उष्णतेने वितळतो आणि ती उष्णता जाडजूड देहात अडकून राहते. लहान गोलाचे तसे नाही. मोठ्या हंड्यातले पाणी रात्रभर कोमट राहते आणि वाटीतले पाच मिनिटांत निवते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. वाटीला वितळेपर्यंत तापवायचे तर आच आतूनच हवी आणि ती झटपट हवी. १९५० च्या दशकापासून संशय होता तो ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी समस्थानिकावर. त्याचे अर्धायुष्य सुमारे सात लाख वर्षे. सूर्यमालेच्या जन्माच्या वेळी ते मुबलक होते, भराभर विघटित होऊन मॅग्नेशियम-२६ बनत होते आणि त्या भरात उष्णता ओतत होते. पण काही लाख वर्षांतच निम्मे, मग त्याच्या निम्मे, असे करत ते सगळे संपून गेले. आज त्यातील एक कणही उरलेला नाही. मग ते होते हे दाखवायचे कसे?

चुलीत सकाळी काय जळले ते संध्याकाळी राखेवरून सांगावे, तसे. पिपलिया कलाँच्या दगडात फेल्डस्पार या खनिजाचे असे बारीक कण होते, ज्यांत ॲल्युमिनियम भरपूर आणि मॅग्नेशियम नगण्य. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील जी. श्रीनिवासन, जितेंद्रनाथ गोस्वामी आणि नरेंद्र भंडारी यांनी ते कण तपासले, तेव्हा त्यांत असायला हवे त्यापेक्षा जास्त मॅग्नेशियम-२६ मिळाले. जिथे ॲल्युमिनियम जास्त तिथे ही जादा भरही जास्त. याचा अर्थ, हा लाव्हा गोठला तेव्हा ॲल्युमिनियम-२६ अजून जिवंत होते. १९९९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. सूर्यमालेतील सर्वांत पहिले घन कण बनल्यापासून सुमारे पन्नास लाख वर्षांच्या आत हा मूळ गोल तापला, वितळला आणि त्यावर लाव्हाचे कवच बसले, असा त्यातून निष्कर्ष निघाला. पृथ्वी अजून पुरती घडलीही नव्हती, त्या काळात वेस्टाची चूल पेटून विझलीसुद्धा होती. गाउस यांना नाव सुचले तेव्हा यातले काहीच ठाऊक असण्याचा प्रश्न नव्हता. गोस्वामी पुढे चांद्रयान-१ चे प्रमुख वैज्ञानिक म्हणून लोकांना माहीत झाले. पण माझ्या वर्गात मी त्यांचे नाव प्रथम घेत असे ते या राखेच्या कामासाठी.

वेस्टाच्या घरी प्रत्यक्ष जाऊन आले ते नासाचे ‘डॉन’ यान. २००७ च्या सप्टेंबरात निघाले, १६ जुलै २०११ रोजी वेस्टाभोवती स्थिरावले, ५ सप्टेंबर २०१२ ला तिथून निघाले आणि मार्च २०१५ मध्ये सेरेसपाशी पोहोचले. पृथ्वीबाहेरच्या दोन वेगवेगळ्या गोलांभोवती पाळीपाळीने फिरलेले ते पहिले यान. हे साधले ते त्याच्या आयन इंजिनामुळे. झेनॉन वायूचे विद्युतभारित कण प्रचंड वेगाने मागे फेकून ते पुढे सरके. त्याचा रेटा तळहातावर ठेवलेल्या कागदाच्या एका पानाच्या वजनाएवढा, पण तो वर्षानुवर्षे चालू.

डॉनने पाहिलेले सर्वांत थोर दृश्य म्हणजे दक्षिण ध्रुवावरचे ऱ्हिआसिल्व्हिया हे आघातविवर. हबल दुर्बिणीला त्याचा सुगावा १९९६ मध्येच लागला होता. डॉनने त्याची मोजमापे आणली. व्यास ५०५ किलोमीटर. आकडा नुसता वाचून काही होत नाही, म्हणून मी नकाशा समोर घेतला. पणजी आणि नाशिक ही शहरे जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत आणि त्यांच्यात सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटर अंतर आहे. एक काठ मांडवीच्या मुखाशी आणि समोरचा काठ गोदावरीकाठी असा खड्डा डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या मधोमध बावीस किलोमीटर उंचीचा डोंगर, म्हणजे एकावर एक ठेवलेली तेरा कळसूबाई. आणि ज्या गोलाला हा खड्डा पडला त्याचा स्वतःचा व्यास जवळपास तेवढाच! आघाताचा उलटा हिसका असा बसला, की विषुववृत्ताभोवती लांबच लांब चऱ्या पडल्या. दिवालिया फोसा हा त्यातील सर्वांत मोठा, साडेचारशे किलोमीटरहून लांब. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या या आघाताने वेस्टाचा जवळपास एक टक्का भाग अवकाशात उडवला. बिन्झेल-शू यांची माळ आणि बहुतेक युक्राइट-डायोजेनाइट यांचे मूळ तिथे. ऱ्हिआसिल्व्हियाखाली त्याहूनही जुने, चारशे किलोमीटरचे व्हेनेनिया नावाचे विवर अर्धवट गाडले गेलेले आहे, म्हणजे एकाच जागी दोनदा.

वेस्टावरील विवरांना वेस्टल कुमारिकांची आणि नामवंत रोमन स्त्रियांची नावे देण्याचा संकेत आहे. मार्शिया, कॅल्पर्निया आणि मिनुशिया ही तीन विवरे एकाला एक चिकटून आहेत आणि वैज्ञानिक त्यांना बर्फाचा बाहुला म्हणतात. पुतणीने छायाचित्र पाहून, “काका, हे तर गणपतीतले लाडू, मोठ्यापासून लहानापर्यंत लावून ठेवलेले,” असे म्हटले आणि आमच्या घरात तेच नाव रूढ झाले. तिथले गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतके. पन्नास किलोचे तांदळाचे पोते तिथे सव्वा किलोसारखे उचलता येईल.

येथपर्यंतची हकीकत मी अनेक वर्षे फळ्यावर एका आकृतीने पुरी करत असे. वर बेसाल्टचे कवच, त्याखाली प्रावरण आणि मध्यभागी सुमारे एकशे दहा किलोमीटर त्रिज्येचा लोखंडी गाभा. ‘धाकटी पृथ्वी’ असे शीर्षक. डॉनच्या सुरुवातीच्या निष्कर्षांनीही हाच आकडा दिला होता, त्यामुळे खडूचा रंग बदलण्याचीदेखील गरज पडली नव्हती. परंतु २०२५ च्या एप्रिल महिन्यात, मी वही घेऊन अंगणात बसण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’मध्ये रायन पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉनच्या जुन्याच नोंदी नव्याने आणि अधिक बारकाईने तपासून, वेस्टा स्वतःभोवती फिरताना किंचित कशी डुलते याचे मोजमाप त्यांनी काढले. वस्तुमान मध्यभागी किती एकवटले आहे हे त्या डुलण्यावरून कळते. भोवऱ्याच्या पोटात शिसे असेल तर तो वेगळा फिरतो, तसे. उत्तर असे आले, की वेस्टाचे वस्तुमान मध्यभागी अपेक्षेएवढे एकवटलेलेच नाही. थर आहेत, पण फिके. गाभा असलाच तर फार लहान.

मग पेच पडतो. अशनी सांगतात, की हा दगड पूर्ण वितळला होता. लोखंडाबरोबर खाली जाणारी मूलद्रव्ये त्यांत इतकी कमी आहेत, की लोखंड कुठेतरी खाली बुडाले असलेच पाहिजे. आणि डुलणे सांगते, की खाली ते पुरेसे नाही. संशोधकांनी दोन शक्यता मांडल्या आहेत. एक, वेस्टा तापू लागली पण चूल लवकर विझली आणि थर वेगळे होण्याचे काम अर्ध्यावर राहिले. दुसरी, वेस्टा हा मुळात स्वतंत्र गोलच नव्हे. थर पूर्ण वेगळे झालेल्या एखाद्या मोठ्या घडत्या ग्रहाला जबर टक्कर बसली आणि उडालेल्या वरच्या भागाचा हा गोळा. लोखंड त्या मूळ ग्रहाबरोबर गेले, कवच आणि प्रावरण यांचे मिश्रण इथे उरले.

पहिली शक्यता मला अशनींशी नीट बसत नाही असे वाटते, आणि ही माझी एका निवृत्त शिक्षकाची समजूत आहे, निवाडा नव्हे. दुसरी दोन्ही पुराव्यांना एकत्र नांदवते. पण ती मान्य केली, की ओल्बर्स यांची ‘फुटलेल्या ग्रहाचा तुकडा’ ही कल्पना, जिला मी दरवर्षी वर्गात हसण्यावारी नेत होतो, ती मागच्या दाराने परत आत येते. पट्ट्यातील सगळे तुकडे एकाच ग्रहाचे, हे त्यांचे म्हणणे अजूनही चूकच. या एका तुकड्याबाबत मात्र ते डॉक्टर कदाचित खऱ्याच्या जवळ होते.

पुतणीने त्याच वहीत, तीन रात्रींच्या ठिपक्यांसमोरच्या कोऱ्या पानावर, माझी जुनी आकृती उतरवून घेतली होती. तिला मी मधला गाभा खोडायला सांगितले. तिने तो खोडला नाही. त्याच्याभोवती तुटक रेघ काढून आत प्रश्नचिन्ह घातले आणि शीर्षकातील ‘धाकटी पृथ्वी’ तेवढे पुसून टाकले. पुढची प्रतियुती २०२६ च्या ऑक्टोबरात, नवरात्राच्या सुमारास, तिमिंगल तारकासमूहात आहे. प्रत सहाच्या पलीकडे राहणार असल्याने त्या वेळी साध्या डोळ्यांचा दावा तिलाही करता येणार नाही, आणि पाऊस उघडला असेल तर गोणपाट टाकायची दोरी या वेळी उलट्या बाजूच्या माडाला बांधावी लागेल.